दूध-पोळीनं तुटलेला दात

रावेतच्या डॉक्टर मॅडमनी मला फसवलं नाही. मी त्यांना फसवलं. आणि ते झाकायला जे बोलत राहिलो, त्यानं माझा मित्र फसला.

हे इतकी वर्षं कुणापुढे बोललो नव्हतो. बायकोपुढेही नाही. बोलत आलो ते बरोबर याच्या उलट. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, गाडी सर्व्हिसिंगला टाकून बाकावर बसलो असताना शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा. ‘दाताचं काम करायचंय? रावेतला जाऊ नका.’ इतकं ठासून सांगायचो, की ऐकणारा तिथेच त्या क्लिनिकचा नंबर पुसून टाकायचा.

दातासारख्या गोष्टीचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा. मलाही मुद्द्यावर यायला वेळ लागणार आहे. सवय नाही ना. मला दुसऱ्याची चूक दाखवायची सवय आहे.

मी पॅनल बनवतो. कारखान्यातल्या मशीनला वीज कशी, किती, कधी जायची हे ज्या लोखंडी कपाटातून ठरतं, ते कपाट. तळवड्यात माझं शेड आहे आणि माल बहुतेक चाकणला जातो. बीड जिल्ह्यातून आलो तेव्हा भोसरीत एका वायरमनच्या हाताखाली होतो. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत, मोशीत स्वतःचा फ्लॅट आहे, मुलगा शिकतोय. कुणी हात दिला म्हणून नाही. एकेक कंपनीच्या गेटवर बसून, एकेका खरेदी अधिकाऱ्याशी घासाघीस करून हे उभं केलंय. आवाज चढवला की समोरचा उतरतो, हे मी लवकर शिकलो. रागीट म्हणतात मला. असेन. रागानं माझं कधी नुकसान झालं नाही. निदान माझं नाही.

पण एक गोष्ट होती. माझे दात.

आमच्या गावचं बोअरचं पाणीच तसं. लहानपणी ज्यानं ते प्यायलं, त्याचे दात तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे, कडेला खड्डे पडलेले. गावात सगळ्यांचेच तसे, म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं. भोसरीत आल्यावर कळलं की आपण गुटखा खाणारे दिसतो. मी आयुष्यात सुपारी तोंडात टाकलेली नाही. पण कुणाकुणाला सांगणार? दात दाखवून सांगायचं, तर दातच उलटी साक्ष देणार.

चाकणच्या एका कंपनीत एक खरेदी अधिकारी होता. पहिल्याच मीटिंगला खोलीभर माणसांसमोर तो मला म्हणाला, ‘‘शेठ, आधी ती पुडी थुंकून या बाहेर, मग रेटचं बोलू.’’ सगळे हसले. मी काय करायला हवं होतं? टेबल उलटं करायला हवं होतं. मी काय केलं? तोंडावर हात धरून मीही हसलो. आणि रेट त्याच्या मनासारखा दिला. एवढ्या वर्षांत तेवढा एकच रेट मी दुसऱ्याच्या मनासारखा दिलाय. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो आता निवृत्त झालाय, मोशीतच राहतो, संध्याकाळी फिरायला निघतो. समोरून आला तर मी रस्ता बदलत नाही. बदलायचा तर त्यानं बदलावा.

तर याच कंपनीच्या व्हेंडर मीटमध्ये मला चांगल्या पुरवठादाराची ट्रॉफी मिळणार असं कळलं. स्टेजवर जायचं, फोटो निघणार, आणि समोर तो बसलेला. मी ठरवलं, या वेळी तोंडावर हात धरायचा नाही.

म्हणून रावेत. एक्सप्रेस वेच्या बाजूला नव्या सोसायट्या झाल्यात, तिथे एका किराणा दुकानाच्या वर नवीन क्लिनिक होतं. डॉक्टर वृषाली. वयानं लहान, आवाज त्याहून लहान. मी मनात म्हटलं, ही सौद्याला सोपी जाईल.

खुर्चीत आडवा झालो. त्यांनी आरसा तोंडात घातला, दिवा ओढला, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘‘काका, लहानपणी बोअरचं पाणी प्यायचात का?’’

मी नुसती मान हलवली.

‘‘तेच. तंबाखूचे नाहीत हे डाग.’’

तुम्हाला कसं सांगू? त्या दिव्याखाली डोळे मिटून पडलो होतो म्हणून बरं. इतक्या वर्षांत मला न विचारता, माझं न ऐकता, पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं. त्याच बाईंना पुढच्या दहा मिनिटांत मी पहिलं खोटं सांगितलं. का? तेच तर सांगायचंय.

आमच्या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. समोरचा अडचण सांगायला लागला की समजायचं, भाव वाढवतोय. तांबं मिळत नाही, माणूस सुट्टीवर आहे, गाडी अडकलीय — हे सगळं ऐकायचं नसतं. ऐकल्यासारखं करायचं आणि तोवर आपला पुढचा डाव मनात जुळवायचा. मॅडम अडचणी सांगायला लागल्या. आणि मी ऐकल्यासारखं करायला लागलो.

त्यांनी जे सांगितलं ते आज मला शब्द न् शब्द आठवतं, ही गंमतच आहे. तेव्हा कानावरून गेलं होतं. व्हेनिअर म्हणजे पोर्सेलीनची नखासारखी पातळ चकती, दाताच्या पुढच्या अंगाला चिकटवतात. ती नीट बसावी म्हणून दाताचा वरचा थर थोडा घासावा लागतो. ‘‘आणि काका, घासलेला थर परत येत नाही. आज व्हेनिअर लावलं की त्या दातावर जन्मभर काही ना काही लावावंच लागणार. ही चकतीसुद्धा कायमची नाही, काही वर्षांनी बदलावी लागते.’’ मी मनात म्हटलं, वर्षाचा मेंटेनन्सचा करार गळ्यात मारतेय.

मग म्हणाल्या, वरवरचे डाग असते तर नुसतं पॉलिश करून, ब्लीचिंगनं उजळवून भागलं असतं, आधी तेवढंच करून बघू. मी म्हटलं, आधी स्वस्त दाखवून नंतर महाग विकणार. हे तर आम्हीही करतो. त्यांनी खरंच ते करून पाहिलं. थोडा फरक पडला, पण खड्डे खोल होते, ते राहिले. हिरड्या साफ केल्या आणि रक्त यायचं थांबेपर्यंत पुढचं काम हातात घेतलं नाही. माझी घाई चालली होती, त्यांची चालत नव्हती.

मग वरच्या दोन पुढच्या दातांपाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे मधोमध एक खाच होती.

‘‘ही कशानं? दातांनी काही तोडता का? दोरा, टेप, वायर?’’

जुन्या वायरमनच्या दातात ही खाच असतेच. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात वायर, सोलायला तिसरा हात कुठून आणणार? वायर दातांत धरायची, ओढायची, वरचं प्लास्टिक निघून येतं. वर्षानुवर्षं तेच केलेलं. आता शेडमध्ये चांगली सोलायची पक्कड आहे, माणसं आहेत, तरी हात वर अडकला की वायर आपोआप तोंडाकडे जाते. हे सगळं मी सांगायला हवं होतं. त्यांनी तर कारणही सांगितलं होतं — ‘‘तशी सवय असेल तर आधी सांगा. कडेचा आकार तसा ठेवू. नाहीतर सवय सुटेपर्यंत थांबू.’’

थांबू! मला व्हेंडर मीट गाठायची होती.

‘‘लहानपणी सायकलवरून पडलो होतो,’’ मी म्हटलं.

‘‘झोपेत दात खाता?’’

‘‘छे.’’

माझी बायको सुनंदा बाहेर बसली होती. माझ्या दातांच्या आवाजानं तिची निम्मी झोप गेलीय. म्हणून तर तिला मी आत येऊ दिलं नव्हतं. दात खात असाल तर झोपताना घालायचं एक साधं कव्हर बनवून घ्यावं लागतं, नाहीतर व्हेनिअरला चीर जाते, असं मॅडम म्हणाल्या. मी ऐकलं ते एवढंच — आणखी एक आयटम. वगळा, म्हणालो. एखाद्या पॅनलमधून इंडिकेटर कमी करावा तसं.

एक गोष्ट मात्र त्यांनी वगळू दिली नाही. ट्रायल. दाताला हात न लावता वरून तात्पुरता पांढरा थर बसवला आणि आरसा दिला. मी रंग सांगितला होता सगळ्यात पांढरा. आरशात बघून मला वाटलं, झकास. मॅडमनी सुनंदाला आत बोलावलं. ती बघतच राहिली.

‘‘अहो, बाथरूमच्या टाइल्स बसवल्यात का?’’

मॅडम हसल्या. म्हणाल्या, खालचे दात तसेच राहणार आहेत, वरचे एवढे पांढरे केले तर खालचे आणखी काळपट दिसतील. आणि पोर्सेलीनचा रंग नंतर ब्लीचिंगनं बदलत नाही, आत्ताच काय तो ठरवा. शेवटी सुनंदानं निवडलेला रंग ठरला. आज लोक विचारतात, दात तुमचेच का? तेव्हा ते श्रेय माझं नसतं.

काम मात्र झालं. घासलं, मापं घेतली, लॅबमधून माल येईपर्यंत तात्पुरते बसवले — तेवढे दिवस गार पाणी झणझणायचं. मग एकेक चकती चिकटवून वर निळा दिवा धरला. व्हेंडर मीटला मी स्टेजवर गेलो आणि हसलो. हात खाली, ट्रॉफी खाली, पूर्ण तोंड उघडून. तो अधिकारी पहिल्या रांगेत होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत मी जसा दिसतो, तसा मी माझ्या लग्नातही दिसलो नव्हतो. तो फोटो हॉलमध्ये लावलाय. मी सुखी माणूस आहे हो. ते सुख त्या बाईंच्या हातचं आहे, हेही मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग चाकणला एका कंपनीत मशीन बंद ठेवून पॅनल बदलायचं काम आलं. रविवार होता, सोमवारच्या पहिल्या शिफ्टला चालू करून द्यायचं होतं. मी स्वतः शिडीवर चढलो. डावा हात कपाटाच्या आत कोपरापर्यंत, पक्कड खाली राहिलेली. लाल वायर होती. तोंडात धरली आणि ओढली.

खट्.

दुखलं नाही. जिभेवर नुसता एक गार तुकडा आला. खाली उतरलो, तुकडा रुमालात घेतला आणि कुणाला न सांगता गाडी काढली. मोशी गेलं, तळवडे गेलं. रावेत येईपर्यंत माझी गोष्ट तयार झाली होती. दूध-पोळी खाताना तुटला. दूध-पोळी! यापेक्षा मऊ काही सुचेना. दुधात भिजवलेल्या पोळीनं दात तुटतो, म्हणजे माल खराब. नवीन फुकट मिळालं पाहिजे, एवढाच हिशेब.

नवीन फुकट मागायला एवढं करायची गरज होती का? मी शांतपणे विचारलं असतं तरी बहुतेक त्या काहीतरी करून देणार होत्या. पण मी कधी शांतपणे मागितलंय? बाहेर माणसं बसली होती. एक बाई होती, तिची कॉलेजातली मुलगी होती, एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्यासमोर मी रुमाल उघडला आणि ओरडलो. दूध-पोळीनं तुटतात यांचे दात! लोकांच्या तोंडात काय घालता तुम्ही? कुठल्या कारखान्यातला माल आहे हा? क्लिनिक चालवता की दुकान? बरंच बोललो. तोंडाला फडकं लावलेल्या मॅडम दारात उभ्या होत्या. ती बाई मुलीचा हात धरून उठली आणि निघून गेली. मी तिला जाताना पाहिलं. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते — बरं वाटलं. माझी बाजू वर आली होती ना.

मॅडमनी मला आत घेतलं. दार लावलं. दिवा ओढला. बराच वेळ पाहिलं आणि चिमट्यानं दातांच्या फटीतून काहीतरी काढलं. केसाएवढी लाल प्लास्टिकची काडी. ती मला दिसेल अशी धरली आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, ‘‘काका, पोळी लाल होती का?’’

मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘‘पोळीच होती.’’

‘‘बरं. पोळी तर पोळी.’’

त्यांनी नवी चकती बनवून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यासोबत झोपताना घालायचं कव्हरही दिलं. ‘‘हे तेवढं वापरा,’’ म्हणाल्या. मी बाहेर एवढा ओरडलो होतो, आणि त्यांनी आत एवढ्या हळू विचारलं. त्यांना दार उघडून ती लाल काडी सगळ्यांना दाखवता आली असती. मी त्यांच्या जागी असतो तर दाखवली असती. फोटो काढून दाखवली असती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. एक खोटं, एक चकती. पण शेडच्या गल्लीतल्या टपरीवर कुणीतरी विचारलं, ‘‘काय राव, नवे दात काय म्हणतात?’’ आणि मी ती गोष्ट सांगितली. दूध-पोळीची. लोक हसले, हळहळले. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा दोन दात तुटले होते. नंतर नंतर माझं मलाच खरं वाटायला लागलं. त्या मॅडमबद्दल मनात खरोखरचा राग तयार झाला. ज्याला आपण लुबाडलं त्याच्यावर राग धरता येतो, हे तुम्हाला माहीत आहे? मला तेव्हा कळलं. उलट तो जास्त टिकतो.

आणि दर सहा महिन्यांनी मी त्याच बाईंकडे दात दाखवायला जात होतो. हो. गुपचूप. दुसऱ्या कुणाच्या हातात हे दात द्यायला मी तयार नव्हतो. सुनंदा म्हणायची, ‘‘गावभर सांगता ती फसवी, आणि परत तिच्याच दारात!’’ मी म्हणायचो, ‘‘वॉरंटी आहे.’’ मॅडम दात तपासायच्या, कव्हर वापरता ना विचारायच्या. माझ्या बडबडीमुळे तळवडे-मोशीकडची किती माणसं त्यांच्या दारातून परत गेली असतील, याबद्दल त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही. कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

आता दत्ता.

दत्ता माझ्या शेजारच्या शेडमध्ये पावडर कोटिंगचं काम करतो. मूळचा मोशीचा. मी नवीन आलो तेव्हा माझ्या शेडला वीज जोडली नव्हती, त्यानं महिनाभर त्याच्याकडून वायर टाकू दिली. असा माणूस. त्याचा पुढचा एक दात काळा पडला होता, दोन दातांत फट होती. माझे दात बघून त्यालाही करायचं होतं. तो त्या मॅडमना एकदा भेटूनही आला होता. त्या म्हणाल्या होत्या, आधी हिरड्यांचा इलाज करू, त्याला वेळ लागेल, त्याआधी मी वरून काही लावणार नाही. दत्ता मला विचारायला आला.

‘‘तुला कुनी फसवू शकत न्हाई, म्हनून इचारतो,’’ म्हणाला. ‘‘कशी हाय बाई?’’

मी काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच. वर पुस्ती जोडली — हिरड्यांचं निमित्त काढून फेऱ्या मारायला लावणार बघ.

दत्ता हायवेजवळच्या एका चकचकीत ठिकाणी गेला. तिथे कुणी हिरड्या पाहिल्या नाहीत. ट्रायल नाही, काही नाही, एका बैठकीत काम. व्हेनिअर म्हणाले, आणि चांगले दात चारी बाजूंनी घासून पार खुंट केले. चारी बाजूंनी घासतात ते व्हेनिअर नसतं, ती कॅप असते — हे मला नंतर कळलं, दत्ताला तर अजून नीट माहीत नाही. हिरड्या सुजल्या. एका दाताची नस मेली, रूट कॅनॉल झालं. मग दुसरा दात ठणकायला लागला.

मी पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मॅडमना विचारलं. एका ओळखीच्या माणसाचं म्हणून. असं असं झालंय, आता काय?

त्यांनी हातमोजे काढता काढता सांगितलं, ‘‘त्यांना पाठवा ना माझ्याकडे. झालेलं परत येणार नाही, पण तो दुसरा दात वाचेल कदाचित. हिरड्या तर नक्की वाचतील. लवकर पाठवा.’’

मी नाही पाठवलं.

या सगळ्यात मी केलेलं सगळ्यात वाईट ते हेच. वायर नाही, ओरडणं नाही, टपरीवरच्या गप्पाही नाहीत. पाठवायचं म्हणजे त्याला सांगावं लागलं असतं, की जा तिच्याकडे, ती चांगली आहे. तो म्हणाला असता, मग तू इतके दिवस काय बोलत होतास? एवढ्या एका प्रश्नाला भिऊन मी एका माणसाचा दात जाऊ दिला. मी — जो कुणाला भीत नाही. दुसऱ्या दाताचीही नस गेली. दत्ता आता भाकरी कुस्करून खातो. कणसाचे दाणे सुरीनं काढून घेतो. आणि कुणी रावेतचं नाव काढलं की म्हणतो, ‘‘आंकुशनं वाचवलं, न्हाईतर त्या बाईनं आनखी वाट लावली असती.’’ अंकुश म्हणजे मी. माझ्यासमोर म्हणतो. मी चहा पीत असतो.

गेल्या रविवारी दत्तानं जेवायला बोलावलं. त्याच्या मुलीचं, पूनमचं लग्न ठरलंय. मटणाचा रस्सा होता. दत्ता भाकरी रश्श्यात चुरून बसला होता, समोर पूनम.

‘‘हिला सांग रं जरा,’’ दत्ता म्हणाला. ‘‘लग्नाआधी दात करायचेत हिला. आन् जायचं कुठं, तर त्या रावेतच्या बाईकडं. माजं ऐकत न्हाई. तुजं ऐकंल.’’

‘‘काका, मी भेटून आलेय त्यांना,’’ पूनम म्हणाली. ‘‘त्या म्हणाल्या, तुझे दात चांगले आहेत, कापायची काही गरज नाही. नुसतं क्लीनिंग कर आणि लग्न कर. आता मला सांगा, फसवणारा माणूस काम नको म्हणतो का?’’

‘‘ग्वाड बोलूनच फसवत्यात. माज्या हिरड्याच खराब व्हत्या, त्याला तो हायवेवाला काय करनार? तो तरी वळखीचा झालाय, तेच्याकडं जाऊ, कमी-जास्त करंल. ह्या मानसाला फसवलं त्या बाईनं, तितं तुजी काय कथा? सांग की रं, दूद-पोळीनं कसा तुटला दात.’’

पूनम माझ्याकडे बघत होती. तिचे दात स्वच्छ, सरळ, मोशीच्या पाण्याचे. दोन दिवसांत दत्ता तिला हायवेवाल्याकडे घेऊन जाणार होता, आणि ते दात खुंट होणार होते. हे मला जितकं लख्ख दिसत होतं, तितकं दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

‘‘पोळीनं नाही तुटला,’’ मी म्हटलं. ‘‘वायर सोलत होतो.’’

दत्ता हसला. त्याला वाटलं, चेष्टा. मग मी सगळं सांगितलं. लाल काडी. फुकटची चकती. सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या. आणि शेवटी तेही — पाठवा म्हणाली होती, ते.

दत्ताचा हात ताटातच राहिला.

‘‘म्हंजी मी त्या हायवेवाल्याकडं गेलो...’’

‘‘माझ्या सांगण्यावरून.’’

‘‘आन् ती म्हनली व्हती, पाठव?’’

‘‘म्हणाली होती.’’

‘‘कवा?’’

‘‘तुझा दुसरा दात जायच्या आधी.’’

पूनम उठली, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण पाणी कुणाला दिलं नाही. तशीच दारात उभी राहिली. मला वाटलं होतं दत्ता ओरडेल. ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं, ते मला जमतं. तो ओरडला नाही. त्यानं हात धुतला. सावकाश पुसला.

‘‘मंग माज्या दातांचा जाब आता मी कुनाला इचारायचा?’’

‘‘मला,’’ मी म्हटलं.

‘‘दे मंग.’’ त्यानं ताट बाजूला सरकवलं. ‘‘मी बसलोय हितं.’’